फिल्टर अ‍ॅव्हरेज किती देतो?

अंबडमध्ये राहणाऱ्याने कुणाला कशाचाही सल्ला विचारू नये. इतर गावांत सल्ला मागितला की लोक मत देतात, आमच्याकडे ड्रॉइंग काढून देतात. नाशिकला मंत्रभूमी आणि यंत्रभूमी म्हणतात, त्यातली मंत्रभूमी पंचवटीच्या वाट्याला गेली आणि यंत्रभूमी आमच्या. आमच्या गल्लीत कुणी फिटर, कुणी टर्नर, कुणी वेल्डर, आणि उरलेले सगळे 'मेंटेनन्सला होतो' म्हणणारे. सकाळी दूध आणायला निघालेला माणूससुद्धा जाता जाता तुमच्या फाटकाची बिजागरी कुठल्या महिन्यात तुटणार ते सांगून जातो.

अशा गल्लीत मी राहतो. तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये दुसऱ्यांचे जॉब रिजेक्ट करून निवृत्त झालो. एका रविवारी सकाळी फाटकाशी उभा राहून मी सहज, पण जरा मोठ्याने म्हणालो, "माशांच्या टँकला फिल्टर कुठला घ्यावा बरं?"

पुढचे सहा महिने त्या एका वाक्यात गेले.

मुळात टँक मी विकत घेतला नव्हता. आमच्या जुन्या साहेबांची बदली झाली आणि ते म्हणाले, "नेता का? फुकट." फुकट हा शब्द कानावर पडला की माझ्यातला इन्स्पेक्टर किरकोळ रजेवर जातो. टँक सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच; काच १२ मिलीमीटर जाडीची. तो 'छोटा हत्ती' टेंपोतून आला, सहा जणांनी 'हळू, हळू' असं जोरजोरात ओरडत उतरवला. दारातून आत शिरला, पण वळेना. त्याला वळायला जागा मिळावी म्हणून सोफ्याला बाहेर जावं लागलं. तो अजून बाहेरच आहे. आता आमच्याकडे पाहुणे व्हरांड्यात बसतात आणि हॉलमध्ये मासे.

"याचं वजन किती भरेल हो?" हिने विचारलं.

मी हिशोब केलाच होता. चोवीस घनफूट, म्हणजे काठोकाठ भरला तर ६८० लिटर; थोडा रिकामा ठेवला तर ६५०. वर काच, वाळू, लोखंडी स्टँड. "नऊशे किलोच्या आसपास."

"म्हणजे किती?"

"दोन म्हशी."

"मग म्हशीच आणायच्या. दूध तरी दिलं असतं."

आता माशांशी माझा पूर्वीचा संबंध म्हणाल तर एकच. शाळेत असताना वडिलांनी मुंबईला नेऊन मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं होतं. ते १९५१ साली सुरू झालं. काचेमागे मासे गुपचूप फिरत होते, पाणी चकचकीत होतं आणि फिल्टर कुठेही दिसत नव्हता. त्यावरून मी असा निष्कर्ष काढला की फिल्टर नसतोच. आपल्या कामाचा एवढा गाजावाजा न करणारी वस्तू मी नंतर एमआयडीसीत तीस वर्षांत पाहिली नाही, त्यामुळे तो गैरसमज टिकून राहिला.

निवृत्त माणसाच्या सवयीप्रमाणे मी अभ्यासही केला. फिलिप हेन्री गॉस नावाच्या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १८५४ साली 'द अ‍ॅक्वेरियम' नावाचं पुस्तक काढलं आणि तिथून हा शब्द जगभर गेला. त्या काळात घरोघरी विजेचा पंप कुठला? पाण्यात वनस्पती लावा, मासे सोडा; दोघं एकमेकांचं बघून घेतील, अशी साहेबांची श्रद्धा होती. मला ही पद्धत फार आवडली, कारण तिला खर्च नव्हता. पण गॉस साहेबांच्या गल्लीत कॉम्प्रेसरवाले राहत नसावेत.

आमच्या गल्लीत राहतात. ते माझं वाक्य ऐकून सर्वांत आधी आले. उभी हयात कॉम्प्रेसरच्या एअर फिल्टरमध्ये गेलेली.

"नाना, किती मायक्रॉनचा बघताय?"

"अजून ठरलं नाही."

"मासे किती मायक्रॉनचे आहेत?"

तेवढ्यात पर्चेसवाले आले. ते एका कारखान्यात खरेदी विभागात होते आणि बायको करतानाही तीन कोटेशन मागवली होती असं गल्लीत बोललं जातं. ते म्हणाले, "घाई करू नका. स्पेसिफिकेशन फ्रीझ करा, तीन पार्ट्या बोलवा, एकमेकांसमोर बसवा." मी म्हटलं, फिल्टर विकणारा एकच आहे आणि त्याच्या दुकानात बसायला जागा नाही.

सर्वांत शेवटी, कोपऱ्यावरचे ईटीपीवाले आले. यांचं आयुष्य कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करण्यात गेलं. त्यांच्या शेजारी लग्नाच्या पंगतीत कुणी बसत नाही, कारण ते जेवताना गाळाबद्दल बोलतात. ते शांतपणे म्हणाले, "नाना, फिल्टर म्हणजे गाळणी नव्हे. फिल्टर म्हणजे जंतूंची चाळ. यंत्र कुठलंही घ्या, चाळीत बिऱ्हाडं किती राहतील ते बघा."

आम्ही सगळे हसलो. हॉलमध्ये जंतूंची चाळ! मायक्रॉनवाली चर्चा पुढे सुरू झाली.

मग मी तक्ता केला. कुठलाही निर्णय घ्यायचा नसला की मी तक्ता करतो. आडव्या रकान्यात फिल्टरचे प्रकार, उभ्या रकान्यात सतरा निकष. स्पंज फिल्टर: हवेच्या बुडबुड्यांवर चालणारा, दिसायला भांडी घासायच्या स्पंजासारखा आणि एवढा स्वस्त की मला अपमान वाटला. अंडरग्रॅव्हल: वाळूखाली जाळी, म्हणजे घाण दिसत नाही, फक्त असते. पाठीवर टांगायचा हँग-ऑन: आमचा टँक भिंतीला टेकलेला, आणि भिंतीमागे जोशी. कॅनिस्टर: टँकखाली ठेवायचा बंद डबा, आत थरावर थर, अगदी तिखट-मीठ-मसाल्याच्या डब्यासारखा, पाणी खाली जातं, स्वच्छ होऊन वर येतं आणि मध्येच कुठेतरी पेन्शन जातं. आणि शेवटी संप: टँकखाली दुसरा टँक. एक टँक सांभाळता येईना म्हणून दोन.

तक्त्यात सर्वाधिक गुण ज्या फिल्टरला मिळाले तो दुकानदाराने जन्मात पाहिला नव्हता. त्याच्याकडे होता तो मी घेतला. टँकच्या आत बुडवायचा, काळा, उभा. बॉक्सवर माशाचं हसतं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत 'ताशी २००० लिटर'.

"मोठ्या टँकमधलं सगळं पाणी तासाला चार-पाच वेळा फिल्टरमधून फिरलं पाहिजे," दुकानदार म्हणाला. "हा तीन वेळा फिरवतो. चालून जाईल."

मग त्याने मासे दिले. दोन ऑस्कर, चार एंजल, सहा टायगर बार्ब आणि एक सकर. सकर म्हणजे तो काचेला तोंड चिकटवून लटकणारा, हाडांच्या पत्र्यांचं चिलखत घातलेला. "हा सगळी घाण खातो. खरं म्हणजे याला घेतलात की फिल्टरसुद्धा नको." मला आनंद झाला. पण जो घाण खातो त्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न क्वालिटीतल्या माणसाला सुचायला हवा होता. सकर दिवसभर खातो आणि दिवसभर जे करतो ते एका लांब दोऱ्यासारखं मागे लटकत असतं. त्याच्यासाठीच एक वेगळा फिल्टर लागतो.

घरी येऊन फिल्टर बसवला आणि मनातला इन्स्पेक्टर जागा झाला. ताशी २००० लिटर? सर्टिफिकेट कुठंय? मी फिल्टर खाली घेतला, २० लिटरची बादली आणली, मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. बादली भरायला ७२ सेकंद लागले. तीनदा मोजलं. म्हणजे ताशी १००० लिटर. निम्मा माल!

दुसऱ्या दिवशी वही घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने वहीकडे करुणेने पाहिलं.

"काका, तुमच्याकडे बाइक आहे?"

"आहे."

"कंपनी अ‍ॅव्हरेज किती सांगते?"

"सत्तर."

"देते किती?"

मी वही मिटली. पुढे मला कळलं की बॉक्सवरचा आकडा नुसत्या पंपाचा असतो. स्पंज बसवला, पाणी दोन फूट वर चढवायला लावलं की आकडा उतरतो. माणसाचंही तसंच असतं. लग्नाच्या बायोडेटावर जे लिहितात ते विनाभार, सपाट रस्त्यावरचं.

पहिल्या रात्री ऑस्करने दोन बार्ब कमी केले. ते मृत्यू फिल्टरच्या खात्यावर टाकता येत नाहीत. पण चौथ्या दिवशी पाणी ताकासारखं पांढरं झालं आणि एंजल वर येऊन तोंड उघडू लागले. ही म्हणाली, "त्यांना काहीतरी सांगायचंय." त्यांनी सांगितलं. आठवडा संपेपर्यंत चारही गेले, पाठोपाठ उरलेले बार्ब.

मी पुन्हा दुकानात.

"काका, टँक सायकल केला होता का?"

"सायकल विकून वीस वर्षं झाली."

त्याने कपाळाला हात लावला. हा विषय मला त्याने समजावला, पण डोक्यात शिरला तो ईटीपीवाल्यांनी कारखान्याच्या भाषेत सांगितल्यावर. मासा पाण्यात अमोनिया सोडतो, अमोनिया विषारी. नायट्रोसोमोनास जातीचे जंतू पहिल्या पाळीला येतात आणि अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसऱ्या पाळीला नायट्रोस्पायरा येतात आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते थोडंफार चालतं. हे कामगार विकत आणलेल्या फिल्टरमध्ये नसतात. ते आपणहून येतात, स्पंजावर बिऱ्हाड करतात, आणि पूर्ण भरती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात.

"म्हणजे मी शेड बांधली, मशिनं लावली आणि कामगार नसताना पहिल्याच दिवशी ऑर्डर घेतली?"

"तेरा नगांची," ईटीपीवाले म्हणाले. "आता फक्त थांबायचं."

थांबायचं! फिल्टर निवडण्यात मी तीन महिने आनंदाने घालवले होते, पण सहा आठवडे नुसतं थांबायचं म्हटल्यावर माझा जीव कासावीस झाला. यंत्र विकत घेता येतं, त्याच्या वॉरंटी कार्डावर शिक्का घेता येतो. थांबण्याचं कोटेशन कुणाकडून मागवणार?

ईटीपीवाल्यांचा मुलगा कॉलेजात आहे. त्याच्याकडेही छोटा टँक. तो एके संध्याकाळी डब्यात एक तपकिरी, बुळबुळीत, ओला गोळा घेऊन आला. "काका, माझ्या चालू फिल्टरमधला स्पंज. यात जंतू तयार आहेत. तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा, काम लवकर सुरू होईल."

तो गेला आणि मी त्या गोळ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत असा इन्कमिंग माल मी गेटच्या आत घेतला नव्हता. मी तो नळाखाली धरला, चोळला, पिळला, पुन्हा चोळला. पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडला नाही. पांढराशुभ्र करून फिल्टरमध्ये बसवला आणि मुलाला अभिमानाने फोन केला.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "काका, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. जंतू मारायलाच घालतात ते."

गंगापूर धरणापासून माझ्या नळापर्यंत एवढी यंत्रणा माझ्यासारख्याला जंतूंपासून वाचवायला राबते, आणि मी तिच्याच मदतीने सबंध पाळी साफ केली होती. त्याने दुसरा स्पंज आणला. या वेळी डब्यावर चिठ्ठी होती: 'धुवू नये. काकूंच्या हातात द्यावा.'

तोवर टँकमध्ये उरले होते एक ऑस्कर आणि तो सकर. दुसरा ऑस्कर स्टँडमागे कोरडा सापडला; झाकण लागतं हेही नंतर कळलं. पर्चेसवाल्यांनी सुचवलं, "हे दोघं रामकुंडात सोडून द्या. पुण्य लागेल, टँक रिकामा होईल." मी म्हटलं, सकर नदीत सोडायचा नसतो, त्याला खायला इथे कुणी नाही आणि तो मात्र सगळ्यांचं खातो. उजनीच्या धरणात कोळ्यांच्या जाळ्यात आता हाच येतो, जाळं फाडतो आणि बाजारात कुणी घेत नाही. २०२७च्या सिंहस्थासाठी गोदावरी स्वच्छ करायची म्हणून सगळं शहर बोलतंय, त्यात माझी एवढी भर नको. पुण्याचा विषय तिथेच मिटला.

पण ऑस्कर आठवड्याला वाढत होता आणि काळा फिल्टर दमत होता. शेवटी संप करायचं ठरलं. हे कळताच गल्लीत दिवाळी झाली. सेवानिवृत्त मेंटेनन्सवाल्यांना महिनोन्महिने जे स्वप्न पडतं ते त्यांच्यासमोर आलं होतं: पाइप, व्हॉल्व्ह, एल्बो, आणि मालक दुसरा. शनिवारी गल्लीतले चौघं हत्यारं घेऊन आले. कॉम्प्रेसरवाल्यांनी प्रेशर गेज बसवायचं म्हटलं. साडेतीन फुटांवर पाणी चढवायला प्रेशर गेज. जंतूंच्या चाळीला खोल्या हव्या होत्या. चिनी मातीच्या नळ्या महाग पडत होत्या. मुलगा म्हणाला, "काका, प्लास्टिकच्या घासण्या टाका. तारा-तारांवर भरपूर जागा असते."

संध्याकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला. "अहो, घासण्या कुठंयत? डझनभर आणल्या होत्या."

"जंतूंना दिल्या."

"आणि भांडी?"

"भांडी मी घासतो," मी म्हटलं. कशाने, हे मात्र तक्त्यात नव्हतं.

संप सुरू झाला. पाणी वरून सांडत खाली येत होतं, घासण्यांतून झिरपत होतं, पंप पुन्हा वर ढकलत होता. चौघंही हात कमरेवर ठेवून पाहत होते. कुणी कुणाच्या पोराकडे इतक्या कौतुकाने पाहिलं नसेल. मग वळवाचा पाऊस आला आणि रात्री दोनला वीज गेली.

पंप थांबला. पण पाण्याला कुणी सांगितलं नव्हतं. ज्या पाइपने ते वर जात होतं त्याच पाइपने ते सायफनने उलटं खाली येऊ लागलं. खालचा टँक भरला, ओसंडला. मला जाग आली ती माझी चप्पल बिछान्याशी येऊन धडकली तेव्हा. मी बॅटरी लावली. हॉलमध्ये वर्तमानपत्रांची रद्दी तरंगत होती. ही देवघरासमोर उभी, हातात समई उंच धरलेली.

"गोदावरी आली का हो?"

सकाळी चौकशी समिती बसली. चौघांनी एकमेकांच्या पाइपांवर ठपका ठेवला. मुलगा कॉलेजला जाताना डोकावला. पाइपकडे बघून म्हणाला, "पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक भोक पाडा. वीज गेली की पातळी तिथवर उतरेल, भोकातून हवा शिरेल, सायफन तुटेल."

"एवढंच?"

"एवढंच."

या एका भोकावर मात्र अंबडने आपली सगळी विद्या ओतली. साइज किती, चॅम्फर द्यायचा का, ड्रिल कुणाचा यावर दीड तास गेला. शेवटी सहा मिलीमीटरचं पडलं. मी ते व्हर्नियरने मोजलं. ६.०२. मी ते पास केलं. निवृत्तीनंतरचा माझा पहिला ओके माल.

त्यानंतर पाणी खरंच चकचकीत झालं. आणि तेव्हा ईटीपीवाले आले, एक तपासणी किट घेऊन. बाटलीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं. रंग लालभडक झाला.

"अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. चाळ भरली. पण नायट्रेट बघा."

"ते काढायला कुठला फिल्टर लागतो?" चौघांनी एकदम विचारलं. कॉम्प्रेसरवाल्यांनी तर खिशातून पेन काढलं.

ईटीपीवाल्यांनी मोरीकडे बोट दाखवलं. "बादली."

तेव्हापासून दर रविवारी मी टँकमधून चतुर्थांश पाणी काढतो. २० लिटरच्या बरोब्बर आठ बादल्या. तेवढंच, आदल्या दिवसापासून भरून ठेवलेलं, क्लोरीन मारायचे थेंब टाकलेलं पाणी आत घालतो. पाणी तासाला पाच वेळा फिरवणारा पंप, घासण्यांची चाळ, सहा मिलीमीटरचं भोक, हे सगळं झाल्यावर शेवटचा फिल्टर मीच निघालो. वीज खात नाही, पण कंबर मागते. बॉक्सवर आकडा नाही. ही अ‍ॅव्हरेज काढते: "मागच्या रविवारी पाऊण तास लागला होता, आज सव्वा."

काढलेलं पाणी फेकायचं कुठे, म्हणून हिने ते अंगणातल्या कढीपत्त्याला घालायला सुरुवात केली. हा कढीपत्ता तेलाच्या जुन्या डब्यात पाच वर्षं मरणाच्या दारात उभा होता. फोडणीला ही त्याची पानं मोजून तोडायची. पाहुणे आले तर दोन जास्त. आठ बादल्या नायट्रेट प्यायल्यावर त्याने डबा फोडला. आता तो फाटकाच्या वर गेलाय, आणि माशांपेक्षा त्याचीच चर्चा गल्लीत जास्त आहे. ऑस्करला बघायला कुणी येत नाही. पोह्यांच्या वेळी मात्र फाटकाशी रांग असते. पर्चेसवाले तर एकही कोटेशन न मागवता मूठभर घेऊन जातात.

परवा रविवारी मी सातवी बादली घेऊन वाकलो होतो. फाटकाशी कॉम्प्रेसरवाले हात पुढे करून उभे.

"वहिनी, जरा कढीपत्ता द्या हो."

हिने फांदी वाकवली, त्यांच्याकडे गंभीरपणे पाहिलं आणि विचारलं, "किती मायक्रॉनचा देऊ, भावजी?"